काशीचे देऊळ बांधणारी चौंडीची लेक

मॉरिशसहून भारतात यात्रेला गेलेली आपली माणसे काशीला जाऊन आल्याशिवाय परतत नाहीत. गोदौलियाच्या गर्दीत रिक्षा आणि गाई चुकवायच्या, अरुंद बोळात शिरायचे आणि बेलपान हातात धरून विश्वनाथाच्या रांगेत उभे राहायचे. ज्यांचे पूर्वज बिहारकडून कलकत्त्याच्या जहाजाने इथे आले, त्या आपल्या शेजाऱ्यांना काशी घरची वाटते. मुंबई बंदरातून आलेल्या आपण मराठी लोकांना मात्र तिथे पाहुण्यासारखे वाटते. तसे वाटायचे कारण नाही. ते देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधले आहे.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी गावी झाला. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. गावच्या देवळात ही मुलगी मल्हारराव होळकरांच्या नजरेस पडली आणि त्यांनी तिला सून करून घेतली, असे सांगतात. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या, पण सासऱ्यांनी त्यांना थांबवले आणि कारभारात घातले. १७६६ मध्ये सासरे गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. मग नर्मदाकाठच्या महेश्वराहून त्यांनी जवळजवळ अठ्ठावीस वर्षे राज्य चालवले. फौज तुकोजी होळकरांकडे, न्यायनिवाडा आणि हिशेब यांच्याकडे. महेश्वरी लुगड्यांचे माग त्यांनीच वाढवले. नुसती देवळे बांधणारी बाई म्हणून मुलांना त्यांची ओळख करून देणे मला अपुरे वाटते.

काशीचे जुने देऊळ १६६९ मध्ये औरंगजेबाच्या हुकुमाने पाडले गेले आणि तिथे मशीद उभी राहिली. ते पुन्हा उभारावे अशी मल्हाररावांचीही इच्छा होती, पण जमले नाही. अहिल्याबाईंनी भांडण न काढता शेजारची जागा धरली आणि १७८० च्या सुमारास आजचे देऊळ पुरे केले. कळसावरचे सोने नंतरचे, पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांनी दिलेले. गयेचे विष्णुपद मंदिरही अहिल्याबाईंचेच. धर्मकार्याचा खर्च त्या आपल्या खासगीतून करत. गंगेचे पाणी कावडीने दूरदूरच्या देवळांना पोचवण्याची सोयही त्यांनी लावून दिली होती. महाशिवरात्रीला गंगा तलावाहून कावड आणणाऱ्या आपल्या मुलांना हे आवर्जून सांगावे.

घरचे सुख मात्र त्यांना लाभले नाही. जावई यशवंतराव फणसे वारले आणि १७९१ मध्ये लेक मुक्ताबाई सती गेली. सासऱ्यांनी जिला चितेवरून परतवले, तिला स्वतःच्या लेकीला परतवता आले नाही.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला त्यांनी देह ठेवला. काशीत गंगेवर त्यांच्या नावाचा घाट आहे. यात्रेला गेलात तर विचारा, कोणीही नावाडी दाखवील.