पैठणचे एकनाथ

संत एकनाथ संस्कृतात निष्णात होते. त्या भाषेत ग्रंथ रचला असता, तर पंडितांची मान्यता त्यांना सहज लाभली असती. परंतु नांगर धरणाऱ्याला आणि दळण दळणाऱ्या मातेला तो कळला नसता. म्हणून भागवताच्या अकराव्या स्कंधावर त्यांनी मराठीत टीका आरंभिली. काशीच्या पंडितांना हे रुचले नाही, असे परंपरा सांगते. एकनाथ काशीस गेले. पंडितांपुढे ते नम्र राहिले. पण मराठी त्यांनी सोडली नाही. १५७३ साली त्याच काशीत ग्रंथ पूर्ण झाला.

पुढे वासुदेव, जोशी, गोंधळी यांच्या बोलीत त्यांनी भारुडे रचली. १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. १५९९ साली ते निवर्तले. मुलांनो, दुसऱ्याला कळेल अशा भाषेत बोलणे, हीदेखील मायाच होय.