जमशेदपूरला जन्मलेला झूवाला

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे मराठी विभागासाठी लिहिताना घाम फुटलाय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सरांनी सांभाळून घ्यावं!

लहानपणी एका प्राणिसंग्रहालयात मी एक वाघ पाहिला होता. गजांआड तो सारखा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत होता. तेव्हापासून 'झू' म्हटलं की मला रागच यायचा. तो थोडा निवळला जेराल्ड डरेलमुळे. शाळेच्या लायब्ररीत त्याचं 'माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स' (१९५६) हाती लागलं आणि मग त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले.

डरेल ब्रिटिश, पण जन्म जमशेदपूरचा, ७ जानेवारी १९२५. वडील चक्क इंजिनिअर! १९२८ मध्ये ते वारले आणि कुटुंब इंग्लंडला गेलं. पुढे १९३५ ते १९३९ मुक्काम ग्रीसच्या कॉर्फू बेटावर. तिथे हा पोरगा विंचू, कासवं, साप, काय वाट्टेल ते घरी आणायचा. (आमच्या होस्टेलात एक पाल निघाली तर अख्खा मजला जागा होतो.) धड शाळा नाही, डिग्री तर नाहीच.

१९४५ मध्ये तो इंग्लंडमधल्या व्हिप्सनेड झूत कामाला लागला. नंतर आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत जाऊन प्राणी पकडायचा आणि झूंना विकायचा. त्या काळी बऱ्याच झूंमध्ये प्राणी म्हणजे नुसती दाखवायची वस्तू. एक मेला की जंगलातून दुसरा आणायचा. डरेलला हे खटकू लागलं, पण तो स्वतः त्याच धंद्यात होता हे मी विसरत नाही.

१९५९ मध्ये त्याने जर्सी बेटावर स्वतःचा झू उघडला. पैशांची कायम ओढाताण, पुस्तकांच्या कमाईवर बराचसा गाडा चालायचा. १९६३ मध्ये ट्रस्ट काढला, बोधचिन्ह डोडो. प्रत्येक प्राणी काय खातो, कधी आजारी पडतो, पिल्लं कशी वाढवतो याच्या नोंदी व्हायच्या. पिंजरा प्राण्याच्या सोयीचा हवा, बघणाऱ्यांचा विचार नंतर. म्हणजे स्पेसिफिकेशन प्राण्याकडून घ्यायचं!

या अभ्यासाचा उपयोग मॉरिशसमध्ये दिसला. १९७४ मध्ये तिथल्या केस्ट्रेल ससाण्याचे जंगलात फक्त ४ पक्षी माहीत होते. डीडीटीने वाट लावली होती. डरेलच्या ट्रस्टच्या पाठबळावर कार्ल जोन्स या जीवशास्त्रज्ञाने घरट्यातली पहिली अंडी उचलून इन्क्युबेटरमध्ये उबवली. मादी पुन्हा अंडी घालते, म्हणजे एका मोसमात पिल्लं जास्त. ती वाढवून जंगलात सोडली. आकडा शेकड्यांवर गेला. मला वाटतं, पिंजऱ्याचं समर्थन करायचं तर ते एवढंच: दार शेवटी बाहेर उघडलं पाहिजे.

३० जानेवारी १९९५ ला डरेल गेला. त्याच वर्षी त्याच्या ट्रस्टने आसाममध्ये पिग्मी हॉगचं काम सुरू केलं. जेमतेम २५ सेंटिमीटर उंचीचं हे रानडुक्कर उंच गवतात राहतं आणि गवत जाळलं की बेघर होतं. १९९६ मध्ये मानसमधून ६ डुकरं पकडून गुवाहाटीजवळ प्रजनन सुरू झालं. २००८ मध्ये पहिली तुकडी सोनाई-रुपाई अभयारण्यात सोडली. आजवर शंभरावर डुकरं गवतात परत गेली आहेत.