लाइन बिझी का लागते? एर्लांग यांची गोष्ट आणि तुमच्या राउटरचं कॉल सेटिंग

या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत, ही सूचना तुम्ही फोनवर कधी ना कधी ऐकलीच असेल. फोनला रेंज आहे, रिचार्ज आहे, तरी कॉल जात नाही. आपण लगेच कंपनीला नावं ठेवतो. पण लाइन किती ठेवायच्या हे मुळात ठरवतात कसं? प्रत्येक माणसासाठी एक वेगळी लाइन ठेवली तर खर्च परवडणार नाही. फारच कमी ठेवल्या तर कोणाचाच फोन लागणार नाही. यातला मधला आकडा कसा काढायचा, याचं गणित शंभरेक वर्षांपूर्वी डेन्मार्कमधल्या एका शिक्षकाच्या मुलाने मांडलं. त्यांचं नाव अग्नर क्रारुप एर्लांग.

आज मी त्यांची गोष्ट सांगणार आहे, कारण राउटरमधली कॉल जोडायची सेटिंग्ज त्यांच्या गणितातून पटकन समजतात. आणि दुसरं कारण म्हणजे मी किल्लारीचा आहे. लाइन न लागणं म्हणजे काय असतं, हे आमच्या गावाला जरा जास्तच माहीत आहे.

लोनबोर्ग गावातला मुलगा

एर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ चा, डेन्मार्कच्या जटलंड भागातल्या लोनबोर्ग या खेड्यातला. वडील गावच्या शाळेत मास्तर होते. घरात पुस्तकं होती, पण पैसा बेताचाच. अग्नर आणि त्यांचा मोठा भाऊ एकच पुस्तक मिळून वाचायचे. भाऊ पुस्तक सरळ धरून बसायचा आणि अग्नर समोर बसून उलट्या बाजूने वाचायचे! रात्री आकाशातले तारे बघायचा नाद होता, तो आयुष्यभर टिकला.

१४ व्या वर्षी ते कोपनहेगनला एका परीक्षेला बसले. वय कमी असल्यामुळे खास परवानगी काढावी लागली होती, तरी विशेष गुण मिळवून पास झाले. मग गावी परत येऊन दोन वर्षं वडिलांच्याच शाळेत मदतनीस म्हणून शिकवलं. १८९६ मध्ये त्यांनी कोपनहेगन विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली, शिष्यवृत्ती मिळवली आणि १९०१ मध्ये पदवी घेतली. मुख्य विषय गणित, सोबत खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र. पुढची काही वर्षं त्यांनी शाळांमध्ये शिकवण्यात घालवली.

टेलिफोन कंपनीत गणिताचा माणूस

एर्लांग गणितज्ञांच्या संघटनेच्या बैठकांना जायचे. तिथे त्यांची ओळख योहान येन्सन यांच्याशी झाली. गणित शिकणाऱ्यांना येन्सन यांची असमानता माहीत असेल, तेच हे येन्सन. ते पोटापाण्यासाठी कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य अभियंता होते. त्यांच्यामुळे १९०८ मध्ये एर्लांग त्याच कंपनीत आले आणि पुढे तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले.

प्रमुख म्हटलं की एसी केबिन डोळ्यासमोर येते ना? इथे तसलं काही नव्हतं. सुरुवातीला हाताखाली माणसंच नव्हती. केबलमधून वीज कुठे गळते हे मोजायला ते स्वतः रस्त्यावर जायचे. मागे शिडी घेतलेला एक कामगार, आणि एर्लांग मॅनहोलमध्ये उतरतायत, हे दृश्य कोपनहेगनच्या रस्त्यांवर दिसायचं.

त्या काळात कॉल जोडायला एक्सचेंजमध्ये ऑपरेटर बसायच्या. कंपनीसमोरचे प्रश्न अगदी व्यवहारातले होते. ऑपरेटर किती ठेवायच्या? एका एक्सचेंजमधून दुसऱ्याकडे तारा किती टाकायच्या? तोपर्यंत हे बरंचसं अंदाजाने चालायचं. एर्लांग यांनी १९०९ मध्ये पहिला निबंध लिहिला आणि त्यात दाखवलं की फोन कॉल कधी येतील हे नशिबावर असलं, तरी त्या नशिबालाही एक नियम असतो. पुढचा कॉल नेमका कधी येईल ते सांगता येत नाही, पण तासाभरात साधारण किती येतील आणि अचानक गर्दी व्हायची शक्यता किती, हे मात्र सांगता येतं.

एका गावाचं गणित

१९१७ च्या निबंधात त्यांचं सगळ्यात प्रसिद्ध सूत्र आलं. ते समजायला एक गाव डोळ्यासमोर आणा. गावात फोन बरेच आहेत, पण गावाबाहेर जाणाऱ्या लाइन मोजक्याच. सगळ्या लाइन भरलेल्या असताना कोणी बाहेर फोन लावला, तर तो लागणार नाही. असं शंभरातल्या किती जणांच्या बाबतीत होईल?

आपण किल्लारीचंच उदाहरण घेऊ. आकडे मी समजण्यासाठी धरलेत. समजा गावातून लातूरकडे तासाला २० कॉल होतात आणि प्रत्येक कॉल सरासरी ३ मिनिटं चालतो. म्हणजे एकूण ६० मिनिटं बोलणं. तासभरात ६० मिनिटं बोलणं, म्हणजे सरासरी एक लाइन सतत भरलेली. या भाराला आज १ एर्लांग म्हणतात.

मग एक लाइन पुरेल ना? इथेच बहुतेक जण फसतात. कॉल काही रांगेत, एकामागे एक असे शहाण्यासारखे येत नाहीत. कधी तीन एकदम येतात, कधी दहा मिनिटं कोणीच नाही. एर्लांग यांचं सूत्र लावलं तर चित्र असं दिसतं:

- १ लाइन: १०० पैकी ५० कॉल लागणार नाहीत
- २ लाइन: २० लागणार नाहीत
- ३ लाइन: साधारण ६
- ४ लाइन: साधारण २

बघा, चौथ्या लाइनपर्यंत आलो की अडचण जवळपास संपते. पाचवी, सहावी टाकून फारसा फायदा होत नाही, खर्च मात्र वाढतो.

अजून एक गंमत. शेजारच्या दोन गावांचा भार १-१ एर्लांग आहे आणि दोघांच्या स्वतंत्र २-२ लाइन आहेत, तर दोन्हीकडे १०० पैकी २० कॉल अडतील. त्याच ४ लाइन दोन्ही गावांनी मिळून वापरल्या, तर साधारण १० च अडतील. एकही नवी तार न टाकता अडचण निम्म्यावर! मोबाइल टॉवर आपण सगळे मिळून वापरतो, त्यामागे हेच गणित आहे.

एर्लांग यांचं लिखाण फार थोडक्यात असायचं, पायऱ्या गाळलेल्या असायच्या. तरी ते डेन्मार्कबाहेर पोहोचलं. ब्रिटनच्या टपाल खात्याने, म्हणजे तिथे टेलिफोन चालवणाऱ्या खात्याने, लाइन ठरवायला त्यांचं सूत्र स्वीकारलं.

गणित कुठे मोडतं: ३० सप्टेंबर १९९३

हे सूत्र एका गोष्टीवर उभं आहे. प्रत्येक माणूस आपापल्या कारणाने, आपापल्या वेळी फोन करतो, हे त्यात धरलेलं असतं. एकाच्या फोनचा दुसऱ्याच्या फोनशी संबंध नसतो.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आमच्याकडे जमीन हलली. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, माणसं दमून झोपली होती. दगडमातीची जाड भिंतींची घरं झोपलेल्यांवर कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे १० हजार माणसं गेली. माझा जन्म त्यानंतरचा. मी पाहिलं ते पुनर्वसनातलं नवं किल्लारी. पण घरातली मोठी माणसं आजही सांगतात की पुण्याची आत्या दिवसभर बूथवरून फोन लावत होती आणि शेवटी एसटीत बसून निघाली. आपली माणसं आहेत की नाहीत, हे तिला गावात पोहोचल्यावर कळलं.

अशा दिवशी सगळ्यांचं फोन करायचं कारण एकच असतं आणि वेळही एकच. आपल्या वरच्या उदाहरणात ४ लाइनवर १ ऐवजी १० एर्लांग भार आला, तर १०० पैकी साधारण ६५ कॉल अडतात. आणि हे लाइन शाबूत आहेत असं धरून. त्यात न लागलेला माणूस गप्प बसत नाही, तो पुन्हा पुन्हा लावतो. सूत्रात मात्र धरलेलं असतं की न लागलेला कॉल निघून गेला. म्हणजे प्रत्यक्षात हाल त्याहून वाईट.

आता तुमच्या राउटरकडे येऊ

तुमचा राउटर बाहेरच्या जगाशी, म्हणजे वॅनशी, जोडणी करतो तेव्हा तोही एक प्रकारचा कॉलच असतो. पूर्वी ऑफिसातले राउटर खरोखर नंबर डायल करायचे. आयएसडीएनच्या साध्या जोडणीत ६४ केबीपीएसचे दोन चॅनल मिळायचे, म्हणजे एकावेळी दोन कॉल. काम आलं की डायल, काम संपलं की कट. आजच्या ब्रॉडबँडमध्ये पीपीपीओई किंवा सिमवाला राउटर असतो, पण सेटिंग्जचा अर्थ तोच राहिलाय. राउटरच्या वॅन पानावर जाऊन या चार गोष्टी शोधा:

१. कनेक्शन मोड. कॉल कधी लावायचा ते इथे ठरतं. ऑलवेज ऑन म्हणजे कायम जोडलेलं. कनेक्ट ऑन डिमांड म्हणजे कोणी नेट वापरायला लागलं की जोडणार. अमर्याद फायबर असेल तर ऑलवेज ऑन ठेवा. मोजून डेटा देणारं बॅकअप सिम असेल तर ऑन डिमांड किंवा फेलओव्हर बरं.

२. आयडल टाइम. काहीच काम नसताना किती वेळाने कट करायचं, ते. एर्लांगच्या भाषेत कॉलचा कालावधी यावर अवलंबून असतो. सिस्कोच्या डायल राउटरमध्ये तो न बदलता १२० सेकंद असायचा, बऱ्याच घरगुती राउटरमध्ये १५ मिनिटं असतो. फार कमी ठेवलात तर सारखं तुटतं-जुळतं. फार जास्त ठेवलात तर लाइन उगाच अडून राहते.

३. कोणत्या कामाला काम म्हणायचं. आपले फोन खिशात असतानाही गुपचूप मेल, बॅकअप, अपडेट बघत असतात. त्यामुळे आयडल टाइम कधी पूर्णच होत नाही आणि ऑन डिमांड नावालाच उरतं. सोय असेल तर कोणत्या ट्रॅफिकसाठी कॉल लावायचा याचा नियम घाला, नाहीतर फोनमधलं ऑटो बॅकअप बंद करा.

४. पुन्हा प्रयत्न करायचं अंतर. कॉल लागला नाही तर किती सेकंदांनी परत लावायचा. हे १-२ सेकंदांवर ठेवू नका. गावातली लाइट येते तेव्हा शेकडो राउटर एकदम सुरू होतात. सगळेच घाई करायला लागले तर कोणाचंच लवकर जुळत नाही.

माझं किल्लारीत छोटं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीक विमा, परीक्षेचे फॉर्म अशी कामं असतात. मी फायबर ऑलवेज ऑन ठेवलंय आणि सिम फेलओव्हरवर. शेवटच्या तारखेला गर्दी झाली की दोन्ही जोडण्यांवर भार वाटून देतो. दोन गावांच्या ४ लाइन एकत्र करण्याचाच हा प्रकार.

साधा माणूस, मोठं नाव

एर्लांग यांनी लग्न केलं नाही. कामात आणि पुस्तकांत रमलेला माणूस. गरजू लोक मदत मागायला त्यांच्या प्रयोगशाळेत यायचे आणि ते गाजावाजा न करता हातात काहीतरी ठेवायचे. जवळपास वीस वर्षं आजारपणाची रजा न घेता त्यांनी काम केलं. मग पोटाच्या दुखण्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि ३ फेब्रुवारी १९२९ ला, ५१ व्या वर्षी ते गेले. १९४६ मध्ये टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय समितीने भाराच्या एककाला एर्लांग हे नाव दिलं.

पुढे १९८० च्या दशकात स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्सचेंजसाठी एक प्रोग्रामिंग भाषा तयार झाली, तिचंही नाव एर्लांग. तुमच्या व्हॉट्सअॅपचे सर्व्हर याच भाषेवर उभे राहिले. २०१२ मध्ये व्हॉट्सअॅपने एकेका सर्व्हरवर २० लाखांहून जास्त कनेक्शन सांभाळून दाखवली होती. म्हणजे सकाळी तुम्ही गुड मॉर्निंग पाठवता, त्यातही लोनबोर्गच्या या मास्तरांच्या मुलाचं नाव आहे.

आता एक काम आजच करून ठेवा. घरात सगळ्यांना सांगा की भूकंप, पूर असं काही झालं तर सारखे कॉल लावायचे नाहीत. सुखरूप आहे, अमुक ठिकाणी आहे, एवढा एक एसएमएस करायचा. एसएमएस लाइन अडवून बसत नाही, रांगेत थांबतो आणि जागा मिळाली की पोहोचतो. गावाबाहेरचा एक नातेवाईक ठरवून ठेवा, सगळ्यांनी त्यालाच कळवायचं, म्हणजे वीस जणांचे वीस-वीस फोन वाचतात. कोणी अडकलं किंवा जखमी असेल तर मात्र ११२ लावा. तुम्ही मोकळी ठेवलेली लाइन त्या वेळी ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी कोणाला तरी लागत असते.