लिटल वॉल्टर : मिटल्या ओठांआडचा जादूगार

माउथ ऑर्गन म्हटले की जत्रेतले खेळणे डोळ्यांसमोर येते. भारतीय श्रोत्यांना हे वाद्य जवळचे वाटते ते चित्रपटसंगीतामुळे. १९६४ च्या 'दोस्ती' चित्रपटात ते राहुल देव बर्मन यांनी वाजवले होते. खिशात मावते, स्वस्तात मिळते आणि कोणीही फुंकले तरी गोड वाजते, अशी त्याची ख्याती. पण कोणीही फुंकले तरी वाजते, हीच या वाद्याची फसवणूक आहे. पहिल्याच दिवशी एखादी सोपी धून जमते आणि मग वर्षानुवर्षे पुढचे पाऊल पडत नाही. अमेरिकेतील ब्लूज संगीतात ही अवघड वाट ज्याने सर्वांत पुढे नेली, तो कलावंत लिटल वॉल्टर या नावाने ओळखला जातो.

त्याचे मूळ नाव मॅरियन वॉल्टर जेकब्ज. रूढ नोंदीनुसार त्याचा जन्म १ मे १९३० रोजी लुइझियाना राज्यातील मार्क्सव्हिल येथे झाला. बालपण गरिबीत गेले. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याने घर सोडले आणि मिळेल ते काम करीत, रस्त्यावर वाजवीत तो गावोगाव हिंडू लागला. न्यू ऑर्लिन्स, हेलेना, मेम्फिस, सेंट लुईस अशा मजला करीत १९४० च्या दशकाच्या मध्यावर तो शिकागोत पोहोचला. दक्षिणेतून उत्तरेच्या कारखान्यांकडे निघालेल्या हजारो कृष्णवर्णीय कुटुंबांची वाटही तीच होती. त्याच्या खिशात दहा छिद्रांचा साधा हार्मोनिका होता.

या वाद्याची रचना मुळात जर्मन लोकगीतांच्या सोयीची. त्याला दहा छिद्रे असतात आणि प्रत्येक छिद्रामागे दोन पितळी रीड. एक फुंकल्यावर वाजतो, दुसरा श्वास ओढल्यावर. मधल्या सप्तकात सातही शुद्ध स्वर मिळतात. खालच्या सप्तकात मात्र मध्यम आणि धैवत जागेवर नाहीतच. कोमल स्वरांची तर कोठेच सोय नाही. जे स्वर वाद्यात नाहीत, ते वाजवणाऱ्याने आपल्या मुखात घडवायचे असतात.

इंग्रजीत ज्याला बेंडिंग म्हणतात, ती ही क्रिया आपल्याकडील मींडेला जवळची आहे. श्वास ओढताना जिभेचा मागचा भाग उचलून मुखातील पोकळीचा आकार बदलला की सूर खाली उतरतो. तिसऱ्या छिद्रातून अशा रीतीने ओळीने तीन अर्धस्वर खाली जाता येते. नुसते खाली जाणे एक वेळ जमते. त्या तीनपैकी नेमक्या एका स्वरावर थांबणे आणि तेथेच स्थिर राहणे, हे शिकणाऱ्यांची खरी परीक्षा घेते. दुसऱ्या छिद्रातून श्वास ओढला की नवख्याच्या हाती बहुधा घोगरा, घुसमटलेला आवाज येतो आणि वाद्यच सदोष आहे अशी त्याची समजूत होते. दोष असतो तो घट्ट झालेल्या तोंडाचा आणि जोर लावून ओढलेल्या श्वासाचा. एकाच छिद्रातील दोन्ही रीड परस्परांवर कसा परिणाम करतात, याची सविस्तर शास्त्रीय मांडणी अमेरिकेतील ध्वनिशास्त्राच्या नियतकालिकात १९९८ साली प्रसिद्ध झाली. वॉल्टर तेव्हा जाऊन तीस वर्षे झाली होती.

व्हायोलिनवादकाची बोटे दिसतात, तबलजीचा हात दिसतो. हार्मोनिकाचे सगळे कसब मिटल्या ओठांआड चालते. त्यामुळे गुरू समोर बसलेला असला तरी शिष्याला कानावरच विसंबावे लागते. वॉल्टरही असाच शिकला. जॉन ली 'सनी बॉय' विल्यमसनच्या तबकड्यांचा त्याच्या सुरुवातीच्या वादनावर स्पष्ट ठसा आहे. त्याच टोपणनावाचा दुसरा वादक, राइस मिलर, त्याला हेलेनाच्या परिसरात प्रत्यक्ष ऐकायला मिळाला. याशिवाय लुई जॉर्डनच्या वाद्यवृंदातील सॅक्सोफोनच्या लांब, उसळत्या स्वरावली त्याच्या कानात घर करून होत्या.

शिकागोत मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात वादक जवळच्या घरांतून विजेची तार ओढून घेत आणि उघड्यावर मैफल मांडीत. १९४७ साली त्या परिसरातील एका छोट्या कंपनीने त्याची पहिली तबकडी काढली. पुढच्याच वर्षी तो मडी वॉटर्सच्या वाद्यवृंदात दाखल झाला. या संगतीत त्याची साथीची जाण दिसते. गायक गात असताना तो मागे राहतो आणि ओळ संपताच तिची पोकळी अचूक भरतो.

ब्लूजमधील हार्मोनिकाची आणखी एक युक्ती भारतीय वाचकाला चटकन उमगेल. ज्या पट्टीचे वाद्य, त्या पट्टीत वाजवायचेच नाही. त्याचा पंचम हा षड्ज मानून वाजवायचे. आपल्या मूर्च्छनेसारखाच हा प्रकार. असे केले की कोमल निषाद आपोआप मिळतो आणि स्वररचना खमाज थाटाची होते. शिवाय नव्या षड्जाजवळचे महत्त्वाचे स्वर ओढीच्या श्वासावर येतात, म्हणजे वाकवता येतात. शुद्ध आणि कोमल गंधाराच्या मधला, ब्लूजचा जीव असलेला स्वर येथेच सापडतो. ही युक्ती वॉल्टरच्या आधीपासून रूढ होती, पण तिच्यात एवढ्या वेगाने आणि एवढ्या सफाईने फिरणारा दुसरा वादक त्या काळी नव्हता.

तोवर गिटार विजेवर गेली होती. तिच्यापुढे हा एवढासा बाजा ऐकू येईना. वॉल्टरने साधा मायक्रोफोन हार्मोनिकाच्या पाठीशी धरला आणि दोन्ही तळव्यांत वाद्यासह मिटून घेतला. असे करणारा तो पहिलाच नव्हता. पण आवाज मोठा करण्यासाठी इतरांनी जे केले, त्यातून त्याने आवाजाचा पोतच बदलला. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवर ताण देऊन येणारी खरखर त्याने दोष न मानता रंग म्हणून वापरली. हे ऐकायला जितके सहज, तितके करायला कठीण आहे. तळव्यांत बारीकशी फट राहिली तरी तो भरदार नाद विरतो. जोरात फुंकले तर रीड गुदमरतात आणि सूर उतरतो. म्हणून आवाज जितका मोठा हवा, तितका श्वास हलका ठेवावा लागतो. उत्साही नवशिक्याला नेमके हेच पटत नाही.

जिभेचे काम याहूनही बारीक. चार छिद्रे ओठांत घेऊन मधली दोन जिभेने झाकली की दोन सप्तकांतील एकच स्वर जोडीने वाजतो. जीभ उचलून पुन्हा झटक्यात टेकवली की स्वराआधी सुरावटीचा ठोका पडतो. जीभ अशी गुंतलेली असताना मींडही काढायची, हा या कलेतील सर्वांत दुष्कर भाग मानला जातो.

१२ मे १९५२ रोजी मडी वॉटर्सच्या ध्वनिमुद्रणाच्या सत्रात 'ज्यूक' ही विनागायनाची धून मुद्रित झाली. वाद्य 'ए' पट्टीचे आणि धून 'ई' पट्टीत, म्हणजे पंचमावर षड्ज. चेकर कंपनीने वॉल्टरच्या नावे काढलेली ही तबकडी बिलबोर्डच्या रिदम अँड ब्लूज यादीत आठ आठवडे अग्रस्थानी राहिली. वॉल्टरने मडीची साथ सोडली आणि ज्युनियर वेल्सचे साथीदार लुई व डेव्हिड मायर्स आणि फ्रेड बिलो यांना बरोबर घेतले. त्याची मडीकडील जागा ज्युनियर वेल्सनेच घेतली. १९५५ साली विली डिक्सनने रचलेले 'माय बेब' हे गीतही अव्वल ठरले. १९५२ ते १९५८ या काळात त्याची चौदा ध्वनिमुद्रणे त्या यादीच्या पहिल्या दहांत आली. मडी वॉटर्सलाही त्या वर्षांत एवढे यश लाभले नाही.

याच काळात तो बटण असलेल्या क्रोमॅटिक हार्मोनिकाकडेही वळला. बटण दाबून बारा स्वर मिळवणे हा त्या वाद्याचा हेतू. वॉल्टरने मात्र बटण बहुतांशी तसेच सोडले आणि रिषभाला षड्ज करून काफी थाटासारखा गंभीर रंग उभा केला. त्यातील जाड, जोडस्वरांचा नाद आजही शिकागो शैलीची खूण मानला जातो.

यश टिकले नाही. रॉक अँड रोलच्या लाटेत ब्लूजचा ग्राहक आटला. मद्यपान आणि तापट स्वभाव यांमुळे भांडणे ओढवली. पायात गोळी लागली, चेहऱ्यावर जखमांचे व्रण आले. उत्तरकाळातील काही ध्वनिमुद्रणांत त्याचा श्वास थकलेला जाणवतो. १९६४ आणि १९६७ साली त्याने युरोपचे दौरे केले. दुसऱ्या दौऱ्यातील थोडी चित्रफीत उपलब्ध आहे. अभ्यासक ती पुन्हा पुन्हा पाहतात, पण तीत दिसतात ते फक्त मिटलेले तळवे आणि फुगणारे गाल.

फेब्रुवारी १९६८ मध्ये शिकागोत झालेल्या एका मारामारीनंतर तो झोपला, तो उठलाच नाही. १५ फेब्रुवारी रोजी त्याच्या मृत्यूची नोंद झाली. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी झाल्याचे कारण लिहिले गेले. रूढ जन्मतारखेच्या हिशेबाने तो ३७ वर्षांचा होता. आपल्या वादनाची लेखी फोड त्याने मागे ठेवली नाही. पुढच्या पिढ्यांनी तबकड्यांचा वेग निम्म्यावर आणून एकेक स्वर शोधला.

शिकागोजवळच्या दफनभूमीतील त्याच्या थडग्यावर तेवीस वर्षे नावाचा दगडही नव्हता. तो १९९१ साली बसवण्यात आला. २००८ साली त्याचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये साथीदार वादकांच्या विभागात समावेश झाला.