डोंगरी खेड्यांचे पाळक ओबर्लिन

शाळेंत मिळविलेली विद्या ही शहरांत मोठी जागा पटकावण्याकरितांच असते, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची, आणि कित्येक पालकांचीही, समजूत असते. ज्या पुरुषाचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे, त्यांनीं आपली सारी विद्या पांच दरिद्री खेड्यांत खर्च केली. तरीही त्यांचें नांव आज दोन खंडांत आदरानें घेतलें जातें.

योहान फ्रेडरिक ओबर्लिन यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७४० रोजीं फ्रान्सच्या आल्सास प्रांतांतील स्ट्रासबूर्ग शहरीं झाला. वडील तेथील विद्यालयांत शिक्षक होते. मिळकत बेताची व मुलें पुष्कळ, त्यामुळें काटकसरीचा धडा त्यांना घरींच मिळाला. विद्यापीठांत धर्मशास्त्राचा अभ्यास संपवून फौजेंतील एका पलटणीचा धर्मोपदेशक व्हावें असा त्यांचा विचार चालला होता. इतक्यांत वाल्डर्सबाख गांवचे पाळक स्टूबर हे आपल्या जागीं योग्य माणूस शोधीत त्यांच्याकडे आले. त्यांच्या विनंतीस मान देऊन १७६७ सालीं ओबर्लिन डोंगरांत गेले.

व्होज पर्वतांतील या मुलुखास बाँ द ला रोश म्हणतात. वाल्डर्सबाख, फूदे, बेलमाँ, बेलफोस व सोलबाख हीं पांच गांवें त्यांच्या मंडळींत मोडत. इ. स. १६१८ ते १६४८ पर्यंत चाललेल्या तीस वर्षांच्या युद्धांत हा मुलूख उजाड झाला होता, आणि शतक उलटलें तरी त्याची स्थिति सुधारली नव्हती. जमीन हलकी, हिवाळा लांब व बर्फाचा. लोकांची बोली बाहेरच्यांस समजत नसे. चांगला रस्ता नसल्यामुळें माल बाजारीं नेतां येईना, आणि माल विकतां येईना म्हणून दारिद्र्य हटेना.

ओबर्लिन यांनीं हें वर्म ओळखलें. त्यांनीं गांवकऱ्यांस जमवून सांगितलें कीं, आपण खडक फोडून थोरल्या रस्त्यापर्यंत वाट बांधूं आणि ब्रूश नदीवर पूल घालूं. लोकांनीं ती गोष्ट अशक्य ठरविली. तेव्हां पाळकसाहेबांनीं स्वतः कुदळ खांद्यावर टाकली आणि कामास आरंभ केला. पाळक घाम गाळीत आहेत हें पाहून एकेक जण लाजून पुढें आला. वाट झाली, पूलही झाला.

हें सर्व विरोधावांचून घडलें असें मात्र कोणीं समजूं नये. सुधारणेस चिडलेल्या कांहीं लोकांनीं त्यांना आडवाटेस गांठून मारण्याचा बेत केला होता. त्यांचे चरित्रकार सांगतात कीं, तें कळतांच ते एकटेच त्या मंडळींच्या घरीं गेले आणि काय करावयाचें असेल तें येथेंच करा, म्हणून निःशस्त्र उभे राहिले. ते लोक खजील झाले, व पुढें त्यांचे स्नेही बनले.

शेतीच्या बाबतींतही त्यांनीं हाच मार्ग धरला. उपदेशानें शेतकरी ऐकणार नाहीं, हें जाणून त्यांनीं पायवाटेलगतच्या आपल्या बागेंत फळझाडें लावलीं व उत्तम मशागत केली. जातां येतां लोक तीं झाडें पाहत, व अखेर कलमें मागावयास येत. बटाट्याचें बियाणें निकस झालें होतें, तें त्यांनीं बाहेरून नवें आणविलें. खताचा सांठा करण्यास शिकविलें. मुलामुलींस मंडळींत घेण्यापूर्वीं प्रत्येकानें दोन झाडें लावलीं पाहिजेत, असा नियम घातला. गरजूंसाठीं कर्जफंड काढला, आणि होतकरू तरुणांस सुतार, गवंडी, लोहार यांचे धंदे शिकण्यास पाठविलें.

परंतु त्यांचें सर्वांत मोठें कार्य म्हणजे लहान मुलांच्या शाळा. आईबाप शेतांत गेले कीं तान्हीं सोडून बाकीचीं मुलें उघड्यावर भटकत. बेलमाँची सारा बांझे नांवाची शेतकऱ्याची मुलगी अशा मुलांस जमवून विणकाम शिकवीत असे. ओबर्लिन व त्यांची पत्नी मादलेन सालोमे यांनीं ही कल्पना उचलली, आणि १७७० च्या सुमारास ठिकठिकाणीं अशा खोल्या सुरू झाल्या. तेथें मोठीं मुलें विणकाम शिकत, धाकटीं खेळत. सर्वांस गाणीं, गोष्टी, वनस्पतींचीं नांवें, नकाशे व शुद्ध फ्रेंच भाषा शिकवीत. बालशाळेच्या इतिहासांत या खोल्यांस अग्रस्थान आहे. सारा १७७४ सालीं अकालीं मरण पावली. पुढें बेलफोसची लुईस शेप्लर हिनें तें काम चालविलें. १७८३ सालीं ओबर्लिन यांची पत्नी वारली, तेव्हां याच लुईसनें पगार न घेतां त्यांचें घर व मुलें सांभाळलीं. १८२९ सालीं फ्रेंच अकादमीनें या शेतकरीकन्येस सद्गुणाबद्दलचें माँत्यों पारितोषिक देऊन गौरविलें.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळांत सार्वजनिक उपासना बंद पडली, तेव्हांही त्यांनीं आपल्या लोकांस सोडलें नाहीं. संकटांत सांपडलेल्या पळपुट्यांस, मग ते कोणत्याही पंथाचे असोत, त्यांनीं आसरा दिला. १७९४ सालीं त्यांना अटकही झाली, पण रोब्सपिएरचा पाडाव झाल्यावर लौकरच सुटका झाली. पुढें बाझलचे लेग्राँ कुटुंब त्यांच्या स्नेहामुळें या मुलुखांत येऊन राहिलें, व रेशमी फिती विणण्याचा धंदा घरोघर सुरू झाला. हिवाळ्यांत रिकाम्या बसणाऱ्या हातांस काम मिळालें.

१८१८ सालीं पॅरिसच्या राजकीय कृषिसंस्थेनें त्यांना सुवर्णपदक दिलें, आणि पुढील वर्षीं राजा अठराव्या लुईनें त्यांना लेजन ऑफ ऑनर हा मान दिला. १ जून १८२६ रोजीं, ५९ वर्षांच्या सेवेनंतर, वयाच्या ८५ व्या वर्षीं, वाल्डर्सबाख येथेंच त्यांनीं देह ठेवला. त्यांची कबर फूदे येथें आहे. लोक त्यांना पापा ओबर्लिन म्हणत. १८३३ सालीं अमेरिकेंतील ओहायो प्रांतीं स्थापन झालेल्या कॉलेजास त्यांचेंच नांव दिलें गेलें. तें कॉलेज स्त्रियांस व कृष्णवर्णीयांस प्रथम प्रवेश देणाऱ्यांपैकीं एक होय.

विद्यार्थिमित्रहो, ओबर्लिन यांनीं लोकांस कधींही जें स्वतः केलें नाहीं तें करावयास सांगितलें नाहीं. शिवाय, त्यांचें कार्य टिकलें तें केवळ त्यांच्या बुद्धीमुळें नव्हे, तर सारा व लुईस यांसारख्या खेड्यांतील मुलींच्या अंगचे गुण ओळखून त्यांच्या हातीं तें सोंपविल्यामुळें. आपल्यापैकीं प्रत्येकाचें कोठें ना कोठें एक गांव आहे. शिकून बाहेर पडतांना त्या गांवच्या वाटेचा, झाडांचा व लेकरांचा विसर न पडो, एवढें या चरित्रावरून शिकलों तरी पुरे.