टोपीची पिन आणि मोज्याचा पट्टा

आय. सी. इंजिनच्या व्हायव्हाला हमखास येणारा प्रश्न : पेट्रोलवर चालणारी पहिली मोटार कोणी बनवली? पहिल्या बाकावरचा असो की शेवटच्या, उत्तर तयार असतं. कार्ल बेंझ, १८८६. पुढचा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. ही मोटार पहिल्यांदा लांबच्या रस्त्यावर गेली आणि वाटेत अडली, तेव्हा ती चालू कोणी केली? याचं उत्तर आहे बर्था बेंझ. कार्लची बायको. ना डिग्री, ना डिप्लोमा, ना टूलबॉक्स!

बर्था रिंगर ३ मे १८४९ ला जर्मनीत बाडेन प्रांतातल्या फोर्ट्‌सहाइम गावी जन्मली. वडील बांधकामाचे मोठे ठेकेदार, घरची सुबत्ता. ती जन्मली तेव्हा वडिलांनी घरच्या बायबलमध्ये पुन्हा मुलगीच झाली अशा अर्थाची खंत लिहून ठेवली होती म्हणतात. आपल्याकडचा कुठलाही आजोबा शोभावा! पोरगी मात्र लहानपणापासून यंत्रं कशी चालतात हे विचारत हिंडणारी निघाली.

कार्लची गोष्ट उलटी. बाप रेल्वे इंजिनाचा ड्रायव्हर, पोरगा दोन वर्षांचा असतानाच वारलेला. आईने कष्टाने कार्ल्सरूहच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवलं. १८७१ मध्ये त्याने मानहाइमला एका भागीदाराबरोबर वर्कशॉप काढलं आणि भागीदार बेभरवशाचा निघाला. त्याला पैसे देऊन मोकळं करायचं तर पैसे कुठून आणणार? बर्थाने आपला हुंडा लग्नाआधीच मागून घेतला आणि वर्कशॉपमध्ये घातला. लग्न झालं २० जुलै १८७२ ला. म्हणजे नवरा मिळायच्या आधी बाईने कंपनी विकत घेतली. पण पुढे पेटंटवर नाव एकट्या कार्लचं. त्या काळी बायकोच्या नावाला कागदावर जागा नव्हती.

पुढची दहा वर्षं नुसती ओढाताण. १८७७ मध्ये देणेकऱ्यांमुळे वर्कशॉपची अवजारं जप्त झाली. घरात तीन लहान मुलं. अशात कार्ल टू-स्ट्रोक इंजिनाच्या मागे लागलेला. ते चालू होईना. १८७९ च्या शेवटच्या रात्री जेवणं झाल्यावर बर्थाबाईंनी (आता लग्न झालंय, मान द्यायला हवा) त्याला चल, अजून एकदा बघू म्हणून वर्कशॉपमध्ये नेलं आणि इंजिन फटफटू लागलं. गावात नव्या वर्षाच्या घंटा वाजत होत्या आणि हे दोघं इंजिन ऐकत उभे. आपण ३१ डिसेंबरला हॉस्टेलच्या गच्चीवर काय ऐकतो ते असो.

१८८३ मध्ये बेंझ कंपनी उभी राहिली, २९ जानेवारी १८८६ ला तीन चाकी मोटारीचं पेटंट दाखल झालं. एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, ९५४ सीसी, पाऊण हॉर्सपॉवर. आज सीसी एवढी आणि पॉवर एवढीच म्हटलं तर सर जर्नल फेकून देतील. पण गाडी चालत होती. अडचण अशी की घेणारं कोणी नव्हतं. लोक घाबरत, हसत. कार्ल स्वभावाने चिकट, गाडी अजून सुधारली पाहिजे म्हणून पुन्हा पुन्हा उघडून बसायचा, विकायचं नाव नाही. हुंडा गेलेला, उमेदीची पंधरा-सोळा वर्षं गेलेली, आणि मोटार शेडमध्ये उभी. मला वाटतं खरी गोची इथेच होती. इंजिन तयार होतं, पण ते लांब पल्ल्याला टिकतं हे कोणी दाखवलंच नव्हतं.

ऑगस्ट १८८८. शाळांना सुट्ट्या. एका पहाटे बर्थाबाई पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि त्याच्याहून वर्षाने लहान रिशार्ड यांना घेऊन शेडमध्ये गेल्या. कार्ल झोपलेला. गाडीचा आवाज होऊ नये म्हणून ती आधी ढकलत थोडी लांब नेली आणि मग आडवं फ्लायव्हील हाताने फिरवून स्टार्ट केली असं सांगतात. जायचं माहेरी, फोर्ट्‌सहाइमला. अंतर शंभर किलोमीटरहून थोडं जास्त. तोवरच्या चाचण्या म्हणजे गावातल्या गावात, आणि सोबत मेकॅनिक. रस्ते बैलगाडीच्या नाही, पण घोडागाडीच्या चाकोऱ्यांचे. गाडीला पुढे एकच चाक, म्हणजे ते बरोबर दोन चाकोऱ्यांच्या मधल्या दगडधोंड्यांवरून जाणार!

आता इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मामाचा पिकअप आहे. भाजी घेऊन रात्री मार्केटला जातो आणि सुट्टीत मी त्याच्याबरोबर क्लीनर म्हणून असतो. बाईंच्या वाटेवर जे जे झालं ते सगळं आजही पिकअपवाल्याला होतं, फक्त नावं बदललीत.

पहिलं, इंधन. गाडीत मावायचं जेमतेम साडेचार लिटर आणि पंप तर जगात नव्हताच. विस्लोख गावी बाईंनी औषधाच्या दुकानात जाऊन लिग्रोइन घेतलं. हे पेट्रोलच्याच जातीचं, डाग काढायला वापरायचे. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं.

मग इंधनाची नळी तुंबली. बाईंनी टोपीची लांब पिन काढली आणि नळी साफ केली. पिकअपमध्ये हेच काम डिझेल फिल्टर करतो. त्याच्या तळाशी पाणी साचतं, ते खालचा स्क्रू सैल करून अधूनमधून सोडावं लागतं. टाकी कोरडी होऊन एअर धरली तर जुन्या गाडीत फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. नव्या कॉमन रेल गाडीत मात्र हातपंपापलीकडे जाऊ नये. तिथल्या हाय प्रेशर पाइपचा नट सैल करणं म्हणजे हाताला कायमची इजा ओढवून घेणं.

पुढे इग्निशनच्या वायरीचं आवरण झिजलं आणि करंट भलतीकडेच जाऊ लागला. बाईंनी आपल्या मोज्याचा पट्टा काढून वायरीला गुंडाळला. इन्सुलेशन झालं! आजची निम्मी इलेक्ट्रिकल दुखणी हीच असतात. बॉडीला घासून उघडी पडलेली वायर, नाहीतर बॅटरीच्या टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवी भुकटी. मामा मात्र फ्यूज उडाला की आधी का उडाला ते शोधतो. काही जण चांदीचा कागद गुंडाळून फ्यूज बसवतात, त्यांची गाडी कधीतरी पेटते.

पाण्याची कथा वेगळीच. इंजिन गार ठेवायला पाणी होतं, पण ते वाफ होऊन उडून जायचं. म्हणून वाटेत जो ओढा, जी खानावळ, जी विहीर दिसेल तिथे थांबून पाणी भरायचं. आता रेडिएटर बंद असतो, त्यामुळे घाट वेगळा. काटा लालवर गेला की लोक उतरून लगेच झाकण फिरवतात. आत दाबाखालचं उकळतं पाणी, ते थेट तोंडावर. गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करून निवू द्यायचं, मगच झाकण. आणि तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेड तडकू शकतं, तो खर्च ऐकून माणूस तडकतो.

साखळी ताणून सैल झाली तेव्हा ब्रुखसालच्या लोहाराकडे गेले. चढ आला की दोन्ही पोरं उतरून ढकलायची, कारण गाडीत चढासाठी गिअर नव्हता. आणि चढापेक्षा उतार वाईट. ब्रेक म्हणजे लाकडी ठोकळा, तो झिजला. वाटेत बाउशलोट गावी बाईंनी चांभाराकडून ठोकळ्यांवर चामडं मारून घेतलं. ब्रेक लायनिंगचा जन्म इथला मानतात. मशीन डिझाइनमध्ये आपण फ्रिक्शन लायनिंगची गणितं पानंच्या पानं करतो, तिथे एकदा तरी त्या चांभाराचं नाव घ्यायला हवं होतं. पण नाव कोणाला ठाऊक?

माल भरलेला पिकअप घाटातून उतरताना मामा ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरतो. सतत ब्रेकवर पाय ठेवला की लायनिंग तापतं, जळका वास येतो आणि मग पाय कितीही दाबा, गाडी थांबत नाही. वास आला तर थांबायचं, चाकाला दगड लावायचा, वाट पाहायची. ड्रमवर पाणी मारायचं नाही. स्टेपनीत हवा आहे का हे निघण्यापूर्वी बघायचं आणि जॅक सपाट, टणक जागीच लावायचा, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. ठाऊक असून कोण बघतं हा भाग निराळा.

संध्याकाळी अंधार पडता पडता तिघं फोर्ट्‌सहाइमला पोचले. धुळीने माखलेले. बाईंनी कार्लला पोचल्याची तार केली. काही दिवस माहेरी राहून त्याच गाडीने परत आल्या.

आल्यावर नुसता पराक्रम नाही सांगितला. गाडी कुठे कमी पडली तेही सांगितलं. चढासाठी आणखी एक गिअर हवा, ब्रेक सुधारायला हवा. कार्लने ते केलं. आपण इंडस्ट्रियल ट्रेनिंगचा रिपोर्ट मागच्या बॅचकडून उतरवतो, त्या पार्श्वभूमीवर हा रिपोर्ट बघा! त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. १८९४ च्या वेलो मॉडेलने धंदा खरा उठवला आणि १८९९ मध्ये बेंझ कंपनीने वर्षाला ५७२ गाड्या काढल्या. तेव्हा जगात एवढ्या कोणी काढत नव्हतं.

नंतरचं थोडक्यात. १९०३ मध्ये कार्ल भागीदारांशी न पटून कंपनीच्या कामातून बाहेर पडला. मुलांबरोबर लाडेनबुर्गला वेगळा कारखाना काढला. १९२६ मध्ये बेंझ आणि डाइमलर एक झाले. याच डाइमलर-बेंझशी १९५४ मध्ये टेल्कोने करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. जुने ड्रायव्हर त्या ट्रकांना अजून मर्सिडीज म्हणतात, टाटा म्हणत नाहीत.

कार्ल १९२९ मध्ये गेला. त्याआधी १९२५ मध्ये छापलेल्या आठवणींत त्याने बायकोचं ऋण स्वच्छ मान्य केलं. बुडत्या नावेत आपल्याबरोबर एकटी तीच राहिली अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय. २००८ पासून मानहाइम ते फोर्ट्‌सहाइम हा रस्ता बर्था बेंझ स्मृतिमार्ग म्हणून पाट्या लावून राखला आहे. आणि अमेरिकेच्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये कार्ल १९८४ मध्ये गेला, बर्थाबाई २०१६ मध्ये. बत्तीस वर्षांचा फरक.

बाई लाडेनबुर्गच्या घरी राहिल्या. ३ मे १९४४ ला त्यांना ९५ वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशी कार्ल्सरूहच्या तंत्र विद्यापीठाने, म्हणजे कार्ल जिथे शिकला त्याच कॉलेजने, त्यांना सन्माननीय सिनेटर केलं. दोन दिवसांनी, ५ मे ला, त्या वारल्या.