संपत्तीचा खरा वारस : इमाम बुखारी (रह.)

वडिलोपार्जित संपत्ती ही तरुण मुलाची मोठी कसोटी असते. घाम न गाळता हाती आलेला पैसा दोन पिढ्यांत संपला आणि पैशाबरोबर घराण्याची अब्रूही गेली, अशी उदाहरणे आपण गावोगाव पाहतो. म्हणूनच इमाम बुखारी (रह.) यांच्या जीवनाची एक फारशी न सांगितली जाणारी बाजू पालकांनी व विद्यार्थ्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे. हदीसचे थोर संग्राहक म्हणून त्यांचे नाव घरोघरी घेतले जाते. परंतु ते एका श्रीमंत पित्याचे पुत्र होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

त्यांचे नाव मुहम्मद बिन इस्माईल. जन्म हिजरी सन १९४, म्हणजे इ. स. ८१० मध्ये, आजच्या उझबेकिस्तानातील बुखारा शहरी झाला. वडील इस्माईल हे स्वतः हदीसचे जाणकार व सचोटीचे गृहस्थ होते. आपल्या संपत्तीत हराम तर सोडाच, पण संशयाचा एकही दिरहम आपल्या माहितीत नाही, असे त्यांनी मृत्युसमयी सांगितल्याची नोंद आहे. मुलगा लहान असतानाच ते अल्लाहला प्यारे झाले. आईने मुलांना वाढविले व दीनी शिक्षण दिले. हिजरी २१० मध्ये, सोळा वर्षांचे असताना, ते आई व भाऊ अहमद यांच्यासह हजला गेले. ती दोघे परतली आणि हा तरुण इल्म मिळविण्यासाठी मक्केतच राहिला. पुढे बसरा, कूफा, बगदाद, शाम, मिस्र असा दूरदूरचा प्रवास त्यांनी केला.

वारशाचा पैसा त्यांनी पेटीत कोंडून ठेवला नाही, की चैनीत उधळला नाही. मुदारबत, म्हणजे एकाचे भांडवल व दुसऱ्याचे श्रम, या जायज पद्धतीने तो व्यापारात गुंतविला व स्वतःचा वेळ अभ्यासासाठी मोकळा ठेवला. दरमहा सुमारे ५०० दिरहमचे उत्पन्न येई व ते सारे इल्मच्या कामी खर्च होई. स्वतःचा आहार मात्र अगदी अल्प होता. पैशाची थैली नेहमी जवळ असे. एखादा विद्यार्थी अडचणीत दिसला की त्याचा हात हाती घेऊन वीस-तीस दिरहम ते असे गुपचूप ठेवीत, की शेजारच्यालाही कळू नये. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, ही त्यांच्या दानाची खरी शोभा होती.

गरजूचे दुःख त्यांना ऐकून ठाऊक नव्हते. बसऱ्यात शिकत असताना ते काही दिवस वर्गात दिसेनात. सोबत्यांनी शोध घेतला, तेव्हा खर्च संपून अंगावरच्या वस्त्रांवरही पाळी आल्याचे आढळले. सोबत्यांनी आपसांत वर्गणी काढून त्यांना कपडे घेतले, तेव्हा ते पुन्हा वर्गात आले. धनवंताच्या मुलावरही ही वेळ आली, पण त्याने कोणापुढे हात पसरला नाही.

व्यवहारातही त्यांची हीच वृत्ती दिसते. एकदा आलेल्या मालावर काही व्यापाऱ्यांनी पाच हजार दिरहम नफा देऊ केला. दुसऱ्या दिवशी इतरांनी दहा हजार देऊ केले. सौदा पक्का झाला नव्हता, पण मनाने पहिल्यांना द्यायचे ठरविले होते, म्हणून त्यांनी माल पहिल्यांनाच दिला. एका कर्जदाराने २५,००० दिरहम थकविले. अधिकाऱ्यांचे पत्र आणून वसुली करावी, असा सल्ला मिळाला. आज पत्र घेतले तर उद्या त्यांच्या मर्जीप्रमाणे वागावे लागेल, म्हणून त्यांनी तो नाकारला व महिना दहा दिरहमवर तडजोड केली. ती रक्कमही अखेर बुडाली.

त्यांची एक जमीन वर्षाला ७०० दिरहम खंडाने दिलेली होती. कुळ कधीमधी आवडीची एखाद-दुसरी काकडी आणून देई. त्याबद्दल ते त्याला दरसाल शंभर दिरहम देत. बुखाऱ्याजवळ प्रवाशांसाठी व सीमारक्षकांसाठी रिबात बांधली, तेव्हा पैसे देऊन बाजूला न राहता विटाही स्वतः वाहिल्या आणि गाय कापून कामकऱ्यांना जेवू घातले.

सोळा वर्षांच्या परिश्रमाने त्यांनी सात हजारांहून अधिक हदीसांचा ‘सहीह’ हा संग्रह सिद्ध केला. उतारवयात बुखाऱ्याच्या अमीराने आपल्या मुलांसाठी वेगळा वर्ग घेण्यास सांगितले. इल्मवर सर्वांचा सारखा हक्क आहे, या निष्ठेने त्यांनी नकार दिला व त्यापायी आपले शहर सोडले. हिजरी २५६, इ. स. ८७० मध्ये, ईदुल फित्रच्या रात्री समरकंदजवळील खरतंग गावी त्यांचे निधन झाले. ज्याने पैशाची मिंधेगिरी पत्करली नाही, त्याला सत्तेचीही भीती वाटली नाही.

पालकहो, मुलांसाठी घरदार व दागदागिने ठेवण्याची चिंता आपण करतोच. पण इस्माईल यांनी धनाबरोबर हलाल कमाईची शिस्तही मागे ठेवली, म्हणून ते धन पुत्राच्या हातून सत्कारणी लागले. आणि विद्यार्थी मित्रहो, शेजारच्या बाकावरील सोबत्याची फी किंवा पुस्तके अडली असतील, तर त्याला न दुखविता, गाजावाजा न करता मदत करणे हाही या थोर इमामांचा धडाच आहे. जकात हे आपले कर्तव्य आहेच. त्याच्या पुढे जाऊन दिलेल्या सदक्याने एका मुलाचे शिक्षण पुरे झाले, तर तो दाता व त्याचे घराणे दोन्ही धन्य होत. अल्लाह आपणा सर्वांना तशी सद्बुद्धी देवो. आमीन.